इंदूरच्या वेशीवरची सरकारी हायर सेकंडरी आणि नवीन आलेलं मराठी मूल

पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात नोकरी लागली की खानदेश-विदर्भातून येणारी बरीच मराठी कुटुंबं राऊ, बिजलपूर, राजेंद्रनगर नाहीतर कॅट रोडच्या बाजूला घर बघतात. भाडं आवाक्यात असतं आणि कंपनीची बस एबी रोडवरून उचलते. मग प्रश्न येतो शाळेचा. खासगी शाळांचे फलक प्रत्येक चौकात लागलेले असतात, सरकारी शाळेबद्दल मात्र शेजारी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. ज्यांनी विचारपूर्वक किंवा नाइलाजानं सरकारी शाळा निवडली आहे आणि ज्यांचं मूल नववी ते बारावीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अशाच एका शाळेत शिकवत होते, आणि खेळ सोडून बाकी उपक्रमांचा प्रभार वर्षानुवर्षं माझ्याकडे होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इथे उपक्रम भरपूर आहेत, पण त्यांची दवंडी कोणी पिटत नाही. भोपाळहून आदेश निघतो, जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडून संकुलात (आसपासच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या मुख्य शाळेत) येतो, तिथून प्राचार्यांच्या टेबलावर पोचतो आणि तोवर नावं पाठवायला दोन-तीन दिवस उरलेले असतात. तेवढ्या वेळात प्रभारी मॅडमला जी मुलं आठवतात त्यांचीच नावं जातात. जूनमध्ये बाहेरून आलेलं, मागच्या बाकावर गप्प बसणारं मूल कुणाला आठवत नाही. त्यामुळे खाली जे काही सांगते आहे ते सगळं एवढ्यासाठी, की आदेश येईल त्या दिवशी तुमच्या मुलाचं नाव मॅडमच्या डोक्यात असावं.

शाळा निवडताना

पाटी नीट वाचा. ‘शासकीय हाईस्कूल’ असेल तर दहावीपर्यंतच वर्ग आहेत. ‘उच्चतर माध्यमिक विद्यालय’ असेल तर बारावीपर्यंत. महाराष्ट्रात दहावीनंतर मूल ज्युनियर कॉलेजात जातं. इथे अकरावी-बारावी शाळेतच होते, त्याच गणवेशात, त्याच प्रार्थनेच्या रांगेत. सोळा वर्षांच्या मुलाला याचा थोडा राग येतो, पण उपक्रमांच्या दृष्टीनं ही सोयच आहे. नववीत खो-खोच्या संघात घुसलेलं मूल बारावीपर्यंत त्याच सरांच्या हाताखाली राहतं. म्हणून नववीत प्रवेश घेत असाल आणि घराजवळ दोन्ही प्रकारच्या शाळा असतील तर बारावीपर्यंतची घ्या.

सरकारी शाळांतही प्रकार आहेत. सीएम राइज म्हणून सुरू झालेल्या शाळांचं नाव २०२५ च्या एप्रिलपासून सांदीपनि विद्यालय झालं आहे. तिथे इमारत, प्रयोगशाळा आणि मैदान यांवर जास्त खर्च झाला आहे. काही शाळा केंद्र सरकारच्या पीएमश्री योजनेत आहेत. शहरात बाल विनय मंदिर हे उत्कृष्ट विद्यालय आहे, पण तिथे नववीसाठी प्रवेश परीक्षा असते आणि तिचे अर्ज तुम्ही इंदूरला यायच्या आधीच भरून झालेले असतात. या वर्षी तो विचार सोडा. इमारत बघून भुलू नका, असंही सांगेन. शाळेत शिरताना दोनच गोष्टी बघा. मैदानावर खेळाच्या खुणा आहेत का, चुन्याची रेघ, रोवलेला खांब, काहीही. आणि सूचनाफलकावरचा शेवटचा कागद कोणत्या महिन्याचा आहे.

कागद, आणि नावाचा गोंधळ

शाळा सोडल्याचा दाखला आणताना त्यावर तिकडच्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. राज्य बदलताना इथले बहुतेक प्राचार्य ती मागतात, आणि सामान उतरवल्यावर एका सहीसाठी पुन्हा जळगाव-अकोल्याला पळावं लागणं फार जिवावर येतं. दहावी महाराष्ट्र मंडळातून झाली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल. जुन्या शाळेतून मुलाचा यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) पेन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, लिहून घ्या. तो मिळाला की इकडच्या शाळेला मूल आपल्या यादीत ओढून घेता येतं.

इथला खरा कागद म्हणजे समग्र आयडी, मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक. कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक असतो. शिष्यवृत्तीपासून शाळेच्या नोंदीपर्यंत सगळीकडे तोच विचारतात. राऊमध्ये राहत असाल तर नगर परिषदेत, महापालिका हद्दीत असाल तर झोन कार्यालयात आणि पंचायतीत असाल तर पंचायतीत तो निघतो. आधार आणि राहण्याचा पुरावा घेऊन पहिल्या आठवड्यातच हे काम उरका.

आता नावाचं. महाराष्ट्रात दाखल्यावर ‘पाटील रोहित सुनील’ असं लिहितात. आधारवर ‘रोहित सुनील पाटील’ असतं. इथे मुलाच्या रकान्यात ‘रोहित पाटील’ आणि वडिलांच्या रकान्यात ‘सुनील पाटील’ अशी पद्धत. कार्यालयातले बाबू दाखला बघून जसं दिसेल तसं टाइप करतात, आणि मग मुलाचं नाव पाटील, वडिलांचं नाव रोहित अशी नोंदही मी पाहिलेली आहे. नववीत मंडळाकडे नामांकन (विद्यार्थ्याची नोंदणी) होतं, तेव्हा जे नाव जातं तेच दहावीच्या अंकसूचीवर (गुणपत्रिकेवर) छापून येतं. त्याआधी शाळा पडताळणीसाठी यादी दाखवते. ती यादी मुलाला वाचू देऊ नका, स्वतः जाऊन वाचा. स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव, तिन्ही. खेळाच्या मैदानावर याच नावावरून मूल बाद होतं, त्याबद्दल पुढे.

जातीच्या दाखल्याबद्दल एक वाक्य: महाराष्ट्रातून मिळालेला दाखला इथल्या राज्य शिष्यवृत्तीला सहसा चालत नाही, तेव्हा त्या रकमेवर घरखर्चाचं गणित मांडू नका. पुस्तकं मात्र शाळेतून फुकट मिळतात.

शिकवणं हिंदीतून असतं. तिसरी भाषा बहुधा संस्कृत. मंडळाच्या दहावीच्या वेळापत्रकात उर्दू, सिंधी, पंजाबी, गुजरातीबरोबर मराठीही असते, पण शाळेत ती शिकवायला कोणी असेलच असं नाही. मूल घरी वाचत-लिहीत असेल तर प्राचार्यांना विचारून बघायला हरकत नाही. विचारायचं ते नामांकनाच्या आधी.

वर्ष कसं चालतं

इथलं सत्र १ एप्रिलला सुरू होतं. एप्रिलभर वर्ग भरतात, मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सुट्टी, मग पुन्हा शाळा. म्हणजे जूनच्या मध्याला तुम्ही प्रवेश घेता तेव्हा बाकीच्यांचा एक महिना होऊन गेलेला असतो. त्रैमासिक परीक्षा पावसाळ्याच्या अखेरीस, अर्धवार्षिक हिवाळ्याच्या तोंडावर, आणि मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारीत. डिसेंबरनंतर दहावी-बारावीच्या मुलाला कोणी मैदानावर उभं करत नाही, आणि करूही नये. त्यामुळे जे काही व्हायचं ते जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत. त्यातच गणेशोत्सव, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ), नवरात्र आणि दिवाळी. ‘आधी शाळेत रुळू दे, मग बघू’ असं म्हणणाऱ्या पालकांचं वर्ष याच पाच महिन्यांत निघून जातं.

पहिला आठवडा

शाळा साधारण साडेदहा ते साडेचार. पहिल्या दिवशी प्रार्थना सभेत राष्ट्रगीताबरोबर मध्यप्रदेश गान होतं. ते मुलाला येत नसतं आणि रांगेतली बाकीची मुलं वळून बघतात. दोन दिवसांत पाठ होतं. घरीच लावून ऐकवा आणि विषय संपवा.

हिंदीची धास्ती घेऊ नका. सिनेमाची हिंदी सगळ्या मुलांना येते. अडतं ते व्याकरणातल्या लिंगाशी आणि ‘अपन’, ‘भिया’ या इंदुरी बोलण्याशी. वर्गात बसून ते सुटत नाही, चार पोरांबरोबर घाम गाळला की सुटतं. शिकवणी लावण्याआधी मुलाला संघात घाला, हे मी प्रत्येक पालकाला सांगत आले. बरेच जण हसायचे आणि शिकवणीच लावायचे.

याच आठवड्यात तुम्ही स्वतः शाळेत जा. प्राचार्यांना भेटा, पण तिथे थांबू नका. विचारा: क्रीडा प्रभारी कोण, सांस्कृतिक प्रभारी कोण, विज्ञानाचं कोण बघतं, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे का, एनसीसी आहे का, स्काउट-गाईड आहे का. उत्तरं वहीत लिहा. अतिथी (तात्पुरते) शिक्षक वर्षाला बदलतात आणि नियमित शिक्षकांकडे मतदार यादीपासून सर्वेक्षणापर्यंत दहा कामं असतात, म्हणून प्रभार फिरत राहतो. मागच्या वर्षी कोण होतं याला अर्थ नाही. प्रभारी भेटले की मुलाबद्दल एकच ठोस गोष्ट सांगा. ‘तसं त्याला सगळ्यात आवड आहे’ असं म्हणालात तर मॅडम मान हलवतील आणि विसरतील. ‘जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्षं खो-खो खेळलाय, उजवीकडून खांब मारतो’ असं म्हणालात तर क्रीडा शिक्षक त्याच दिवशी त्याला मैदानावर बोलावतील. जुनी प्रमाणपत्रं असतील तर त्यांच्या झेरॉक्स तिथेच देऊन या. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आई आणि बाबा दोघांचेही नंबर टाका. आदेश रात्री नऊला येतो आणि सकाळी नऊला मूल हजर हवं असतं.

खेळ

शालेय क्रीडा स्पर्धांची उतरंड अशी: विकासखंड (ब्लॉक), जिल्हा, संभाग (काही जिल्ह्यांचा विभाग), राज्य आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, आणि वय धरतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला. इयत्तेवरून अंदाज बांधू नका. नववीतलं मूल जानेवारीत जन्मलेलं आहे की डिसेंबरमध्ये, यावर ते कोणत्या गटात सर्वांत मोठं ठरेल आणि कोणत्या गटात सर्वांत लहान, हे ठरतं. कागदावर एक तक्ता काढा आणि क्रीडा शिक्षकांना विचारून खात्री करा.

खो-खो, कबड्डी आणि मल्लखांब या तिन्हींत महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला सुरुवातीचा फायदा असतो. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे, त्यामुळे त्याला इथे मानही आहे. धावण्यात मात्र सांभाळून. इंदूर संभागात इंदूर, धार, झाबुआ, आलीराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा आणि बुऱ्हाणपूर असे आठ जिल्हे आहेत, आणि संभागाच्या स्पर्धेत झाबुआ-आलीराजपूरची अनवाणी सराव केलेली मुलं शेजारच्या रेषेत उभी राहिली की शहरी मुलाचा ताठा पहिल्या शंभर मीटरांत उतरतो. क्रिकेटला गर्दी एवढी की नवीन मुलाची दोन वर्षं पाणी आणण्यात जातात. ज्या शहराच्या होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला तिथे प्रत्येक गल्लीत एक सी. के. नायडू असणारच. तेव्हा क्रिकेट संध्याकाळी कॉलनीत खेळू द्या आणि शाळेत संघ अपुरा पडणारा खेळ धरा.

निवडीच्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे तयारीनं जाल. मैदान चिमनबागचं असो की संकुलातल्या दुसऱ्या शाळेचं, झाडाखाली एक टेबल असतं. टेबलावर फॉर्मची चळत, त्यावर दगड. एक सर पात्रता फॉर्म उचलतात, त्यावरचा फोटो आणि समोरचा मुलगा पाहतात. मग फॉर्मवरचं नाव, आधारवरचं नाव आणि मागच्या वर्षीच्या अंकसूचीवरचं नाव शेजारी-शेजारी ठेवतात. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाच्या बाबतीत इथेच बोट थांबतं. अंकसूची मराठीत, आडनाव आधी, जन्मतारीख अक्षरी. मागे तीस मुलं उभी असतात, ऊन चढत असतं, आणि सर म्हणतात, ‘बेटा, साइड में खड़े रहो.’ बाजूला उभं राहिलेलं मूल पुष्कळदा संध्याकाळपर्यंत बाजूलाच राहतं. म्हणून फॉर्म भरतानाच प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानं चार ओळींचं पत्र घ्या, की दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची आहेत. पत्राच्या दोन प्रती मुलाच्या दप्तरात, एक क्रीडा शिक्षकांकडे. जन्म प्रमाणपत्राची प्रतही बरोबर ठेवा. मूळ कागद मैदानावर पाठवू नका. पाऊस असतो.

जाण्या-येण्याचा खर्च शाळेच्या क्रीडा निधीतून होतो, पण पैसे नंतर हातात येतात असं धरून चाला. मुलीला पाठवत असाल तर बरोबर कोण मॅडम आहेत, परत किती वाजता, कोणत्या गाडीनं, हे आधी विचारा. आणि हे विचारायला लाजू नका. मला हे विचारणारे पालक कधी जड वाटले नाहीत, न विचारता ऐन वेळी मुलगी न पाठवणारे वाटले, कारण संघ मोडायचा.

कला उत्सव

सांस्कृतिक उपक्रमांत नवीन मुलासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे कला उत्सव. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा हा उपक्रम २०१५ पासून चालू आहे, नववी ते बारावीच्या मुलांसाठी. गायन, वादन, नृत्य, नाट्य, दृश्यकला, पारंपरिक गोष्ट सांगणं असे प्रकार असतात. शाळेतून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य, मग राष्ट्रीय. इथे फिल्मी गाणं चालत नाही, लोककला आणि शास्त्रीय परंपरा लागते. आणि परीक्षक मुलाशी बोलतात: हे कुठून शिकलास, कोणत्या सणाला गातात, हे वाद्य कशाचं. युट्यूब बघून बसवलेला नाच या प्रश्नांपुढे ढेपाळतो. घरात आजी असेल तर मूल तरून जातं.

भुसावळकडून आलेली नववीतली एक मुलगी आठवते. वर्गात तोंड उघडायची नाही. भाद्रपदात शाळेतल्या मुली संजाची गाणी गुणगुणत होत्या. माळव्यात पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, रोज वेगळी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या, आणि शेवटी किलाकोट, म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती. ही मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, ‘आमच्याकडे भुलाबाई असते, ती कोजागिरीपर्यंत चालते.’ मुलींनी तिला मध्ये ओढलं. तिनं आईकडून गाणी लिहून आणली, इथल्या मुलींनी संजाची, आणि दोन्हींत सासर-माहेराच्या त्याच त्या तक्रारी निघाल्यावर वर्गात जो हशा पिकला तो मला आजही ऐकू येतो. पुढे दृश्यकलेसाठी तिनं शाळेच्या मागच्या भिंतीवर संजा मांडली. शेण ताजं हवं की शिळं यावर तिची आणि शिपाईकाकांची जुंपली. ती कोणत्या फेरीपर्यंत गेली हे महत्त्वाचं नाही. सप्टेंबरनंतर तिला हाक मारायला शाळेत पन्नास जणी होत्या.

तर पोवाडा, भारूड, गोंधळ, ओव्या, संबळ, घरात जे असेल ते मॅडमना जुलैतच सांगा. भाषेची अडचण नाही, मुलाला अर्थ हिंदीत समजावता आला पाहिजे. बरोबरीनं इथलंही शिकू द्या. मांडणा आहे, मटकी नाच आहे, माळवी कबीर भजनं आहेत.

याउलट चित्रकला, निबंध, घोषवाक्य अशा स्पर्धा वर्षभर चालू असतात, प्रत्येक सरकारी दिवसाला एक. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत असल्यामुळे स्वच्छतेवरच्या रॅली आणि पोस्टर तर विचारू नका. ओला कचरा, सुका कचरा हे मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या, रस्त्यावर रॅपर टाकलं तर इथली मुलंच टोकतात. अशा स्पर्धांत भाग घ्यायला काही जात नाही, पण त्यांच्या प्रमाणपत्रांवर अभ्यासाचा वेळ घालवावा असं मला वाटत नाही. ज्या उपक्रमाला शाळेच्या बाहेरची पुढची फेरी आहे, तो आधी.

विज्ञान

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही योजना सर्वांना माहीत असते आणि फार थोडे नीट वापरतात. सहावीपासूनची मुलं त्यात येतात. पूर्वी दहावीपर्यंतच होती, आता अकरावी-बारावीलाही मुभा आहे. शाळा पाच मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. निवड झाली तर प्रतिकृती बनवायला १०,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. म्हणजे मुलाच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खाते आधीपासून हवं. निवड झाल्यावर खातं उघडायला धावलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

पाच जागा आणि शाळेत मुलं पाचशे. पण खरी चढाओढ नसते, कारण बहुतेक मुलं तोच तो सेन्सरचा डबा आणि तीच ती पाण्याची टाकी लिहून देतात. मूल घरात, शेतात किंवा तुमच्या कारखान्यात पाहिलेली एखादी खरी अडचण घेऊन गेलं तर विज्ञानाच्या मॅडम त्याला जवळ बसवतात. शब्द मुलाचेच असू द्या. वडिलांनी लिहिलेलं पहिल्या ओळीत कळतं. नावं पाठवायचं काम पावसाळ्यात चालतं, त्यामुळे कल्पना जुलैत मॅडमच्या कानावर घाला.

बोलणाऱ्यांसाठी आणि गणवेशवाल्यांसाठी

भोपाळचं पं. कुंजीलाल दुबे राष्ट्रीय संसदीय विद्यापीठ शाळांसाठी युवा संसद घेतं. अध्यक्ष, पंतप्रधान, विरोधी पक्षनेता, प्रश्नोत्तरांचा तास, सगळं रीतसर. हिंदी कच्ची असेल तर पहिल्या वर्षी एका ओळीचा खासदार व्हायला सांगा. विरोधी बाकावर बसून ‘माननीय अध्यक्ष महोदय’ म्हणत ओरडायला मिळतं, आणि उच्चार सुधारायला त्याच्याइतकं चांगलं औषध नाही.

एनसीसी प्रत्येक शाळेत नसते. ज्युनियर डिव्हिजन दोन वर्षांची असल्यामुळे मूल आठवी-नववीतच घेतात, आणि शेवटी ए सर्टिफिकेट मिळतं. दहावीत आलात तर शाळेपुरती संधी गेली असं समजा. एनएसएस अकरावी-बारावीसाठी: दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या गावात सात दिवसांचं शिबिर. शिबिराला मूल नक्की पाठवा. स्काउट-गाईड शिक्षकावर अवलंबून असतं; उत्साही शिक्षक असेल तर राज्य पुरस्कारापर्यंत नेतो, नसेल तर स्कार्फ कपाटात राहतो.

१२ जानेवारीला विवेकानंद जयंतीला सगळ्या शाळांत सामूहिक सूर्यनमस्कार असतो. थंडी असते. स्वेटर काढायला लावतात म्हणून रुसू नका.

पालकांचं काम

शाळेची शाला प्रबंधन एवं विकास समिती असते, तिच्यात पालक असतात. पहिल्याच वर्षी तिच्यात शिरायची गरज नाही, पण बैठक कधी आहे हे विचारून जाऊन बसा. मैदानाची लाईट, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, तबल्याची फाटलेली पुडी, असल्या गोष्टी तिथेच निघतात. तबला दुरुस्त करून देणारा एखादा पालक शाळेला देणगीदारापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

शाळेबाहेर मराठी टिकवायचं असेल तर सोय आहे. राजेंद्रनगरला महाराष्ट्र समाज आहे, लोकमान्य नगरची वस्ती आहे, सानंद संस्थेतर्फे मराठी नाटकं येतात, आणि गणेशोत्सवात मुलांना रंगमंच मिळतो. पण शाळेच्या स्पर्धेच्या तारखेला तिथलं काम ठेवू नका. मुलं दोन्हीकडे अर्धी होतात आणि दोन्हीकडचे लोक रुसतात.

दहावी आणि बारावीत एकच उपक्रम ठेवा आणि तो दिवाळीला थांबवा. इथे गुणांना रोख किंमत आहे: मंडळाच्या बारावीत ७५ टक्के मिळाले की लॅपटॉपसाठी २५,००० रुपये येतात, आणि प्रत्येक सरकारी हायर सेकंडरीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला स्कूटी मिळते. दहावीनंतर सुपर १०० ची परीक्षा देऊन मल्हार आश्रमात (इंदूरच्या सरकारी शाळेत) राहून जेईई-नीटची तयारी करता येते, राहणं-जेवण सरकारतर्फे. नववी आणि अकरावीत मात्र हात आखडू नका. ती दोन वर्षं मैदानाची आहेत.

मार्चमध्ये स्थानिक (मंडळाच्या नसलेल्या) परीक्षा संपतात. रंगपंचमीच्या गेरची (रंगांच्या मिरवणुकीची) सुट्टी त्यातच कुठेतरी येते. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं की उन्हाळी सुट्टी लागण्याआधी पुन्हा एकदा शाळेत जा, नवे प्रभारी कोण ते विचारा आणि मुलाचं नाव, खेळ, वयोगट, फोन नंबर असा एक कागद त्यांच्या हातात द्या. खो-खोची यादी बरेच क्रीडा शिक्षक मे महिन्यातच मनाशी पक्की करून टाकतात.